छतातला दिवा

टोरांटोकडून नायगऱ्याला जायचं म्हणजे क्यूईडब्ल्यू. इथल्या सगळ्या मराठी घरांचा हा ठरलेला रस्ता. गावाकडून आई-वडील आले, त्यांची झोप ताळ्यावर आली, की पहिल्या मोकळ्या शनिवारी त्यांना गाडीत बसवायचं, डब्यात धपाटे घ्यायचे आणि धबधबा दाखवून आणायचा. बर्लिंग्टनचा उंच पूल ओलांडला की डाव्या हाताला लेक ओंटारिओ, उजवीकडे डोंगराची लांबलचक कड, आणि मधे द्राक्षांचे मळे नि पीचच्या बागा. गेल्या जूनमध्ये आण्णा पहिल्यांदा आले, तेव्हा मीही त्यांना असंच नेलं.

आण्णांना रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायची सवय आहे. एसटीच्या खिडकीत बसून उभी हयात वाचत आले. ग्रिम्स्बी झालं, व्हाइनलँड झालं. मग म्हणाले, "सेंट कॅथरिन्स." मी काही बोलले नाही. बहुतेक माझा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला असावा, कारण ते माझ्याकडे बघायला लागले.

"काय गं?"

"इथली एक केस आहे आण्णा. नवरा-बायकोची."

"घटस्फोटाची?"

"नाही. तीनशे दोनची. दोघं मिळून."

आण्णांनी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं नोकरी केली. कारकून म्हणून लागले, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी लगेच विचारलं, "दोघांतलं माफीचं साक्षीदार कोण झालं?"

हा शब्द मी पहिल्यांदा नऊ वर्षांची असताना ऐकला होता, तोही त्यांच्याच तोंडून. १९९६ चं साल, कोल्हापूर. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा, पकडल्या गेल्या होत्या. गर्दीच्या ठिकाणी, जत्रेत, देवळात, स्टँडवर चोऱ्या करायच्या. कडेवर लेकरू असलं की लोक संशय घेत नाहीत, म्हणून लेकरं पळवायची. आणि ती नकोशी झाली की मारून टाकायची. त्या दिवसांत आई मला सीबीएस स्टँडवर घेऊन गेली की माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याचं टोक स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन धरायची. हात सुटू शकतो, पट्टा सुटणार नाही, हा तिचा हिशेब. त्या पट्ट्याचा काच मला अजून पोटावर आठवतो.

ती केस आण्णांच्या कोर्टात नव्हती. पण कोर्टातली माणसं एकमेकांच्या केसेस नात्यातल्या लग्नांसारख्या लक्षात ठेवतात. रात्री जेवताना ते आईला म्हणाले होते, "थोरलीचा नवरा माफीचा साक्षीदार झालाय." आईचा हात भाताच्या पातेल्यावरच थांबला. "म्हणजे तो सुटणार?" आण्णा म्हणाले, "सगळं खरं सांगितलं तर." आईनं पुढे काहीच विचारलं नाही. मी मात्र विचारात पडले. गाडी चालवणारा तो, सगळं डोळ्यांनी बघणारा तो, आणि त्यानं नुसतं सांगितलं की झालं?

सेंट कॅथरिन्सच्या केसचं मी इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात वाचलं. नवरा, निखिल, कामावर गेलेला, दारात बर्फ, दुपारी चारलाच अंधार. आधी बातम्या वाचल्या, मग चौकशी अहवाल. मला खुनाच्या गोष्टींची आवड नाही. ही एकच केस मला सोडवत नाही, आणि त्याचं कारण एक बहीण आहे.

पॉल बर्नार्डो आणि कार्ला होमोल्का १९८७ मध्ये भेटले, टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या एका हॉटेलात. ती सतरा वर्षांची, तो तेवीसचा. दिसायला दोघंही देखणे. तो शिकलेला, हिशेबनीस व्हायच्या मार्गावर. ती प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस. तिच्या आई-वडिलांना जावई पसंत होता, घरात त्याचं येणंजाणं, राहणं सुरू झालं. त्याच काळात स्कारबरोमध्ये एक माणूस बसमधून उतरणाऱ्या एकट्या मुलींना गाठून त्यांच्यावर बलात्कार करत होता. तो हाच, हे पोलिसांना पुष्कळ उशिरा कळलं.

कार्लाची सगळ्यात धाकटी बहीण पंधरा वर्षांची होती. पॉलला ती हवी होती. १९९० च्या नाताळला दोन दिवस उरलेले असताना, आई-वडील वरच्या मजल्यावर झोपलेले असताना, खाली तळघरातल्या बैठकीत दोघांनी तिला गुंगी आणली. दवाखान्यातून चोरलेलं भुलीचं औषध कार्लानं फडक्यावर घेऊन बहिणीच्या नाकाशी धरलं. दोघांनी तिच्यावर अत्याचार केले, ते चित्रित केले. मुलीला उलटी झाली, ती घशात अडकली आणि ती गेली. तिच्या गालावर भाजल्यासारखा मोठा लाल डाग होता. तरी नोंद झाली ती अपघाती मृत्यू म्हणून.

मला धाकटी बहीण आहे. लहानपणी ती माझ्या वेणीचं टोक मुठीत धरून झोपायची. मी कूस बदलली की वेणी ओढली जायची, पण ती मूठ सोडायची नाही. त्या तळघराबद्दल वाचताना मला दरवेळी ती मूठ आठवते. नवऱ्याच्या प्रेमात बाई किती वाहवत जाते, माराला भिऊन काय काय करते, हे मी समजून घेऊ शकते. पण त्या रात्रीपर्यंत तर लग्नही झालं नव्हतं. वरच्या मजल्यावर आई होती. एक हाक पुरली असती.

सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. २९ जून १९९१, नायगरा-ऑन-द-लेक. छोटं, जुनं, सुंदर गाव आहे. वरात घोड्यांच्या बग्गीतून निघाली. त्याच दिवशी, तिथून फार लांब नसलेल्या लेक गिब्सनच्या पाण्यात, सिमेंटच्या ठोकळ्यांमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीच्या देहाचे तुकडे सापडले. दोन आठवड्यांपूर्वी बर्लिंग्टनमधून पळवलेली. तिला त्या दोघांनी आपल्या भाड्याच्या घरात ठेवलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये आणखी एक, पंधरा वर्षांची, चर्चच्या आवारातल्या पार्किंगमधून भरदिवसा नेलेली. तिथे कार्ला गाडीतून उतरली होती. हातात नकाशा घेऊन. पत्ता विचारायला. शाळेतून येणारी मुलगी एका तरुण बाईला रस्ता सांगायला थांबणारच.

कडेवरचं लेकरू आणि हातातला नकाशा. मला वाटतं, जोडप्यानं केलेल्या गुन्ह्यात बाईचं खरं काम हेच असतं. ती असली की समोरचा माणूस भीती विसरतो. आपण पोरींना शिकवताना "अनोळखी माणसाशी बोलू नको" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पुरुषच असतो.

या मुलींची नावं मी लिहीत नाही. ती सगळीकडे आहेत, आणि जिथे आहेत तिथे शेजारी त्याचा हसरा फोटो आहे.

जानेवारी १९९३ मध्ये कार्ला त्याला सोडून माहेरी आली. त्यानं तिला टॉर्चनं मारलं होतं. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं, सुजलेलं; तो फोटो खटल्यात पुरावा झाला. पुढच्याच महिन्यात पॉल पकडला गेला. स्कारबरोच्या तपासात त्याच्या डीएनएचा नमुना पोलिसांनी नोव्हेंबर १९९० मध्येच घेतला होता. जुळला हे कळलं १९९३ च्या सुरुवातीला. तारखा परत बघा. नमुना दिल्यानंतर बहीण गेली, मग एक मुलगी, मग दुसरी. नळी प्रयोगशाळेत पडून होती. पुढे न्यायमूर्ती कॅम्पबेल यांनी १९९६ च्या अहवालात हे सगळं एकेक करून मांडलं: वेगवेगळ्या पोलीस दलांनी एकमेकांना माहिती न देणं, नमुन्यांची रखडलेली रांग. त्या अहवालानंतर ओंटारिओत अशा गुन्ह्यांची माहिती एकाच ठिकाणी नोंदवण्याची पद्धत पक्की झाली.

मी हे सांगत होते आणि आण्णा मधे मधे फक्त "हं" करत होते. एक मोठा पूल सुरू झाला. खाली वेलंड कालवा, त्यात एक लांब मालवाहू बोट. आण्णांनी बोटीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग तिनं माफीच्या करारावर सही कधी केली?"

इथे तो छतातला दिवा येतो. पोलिसांनी त्या घराची झडती घेतली. एकाहत्तर दिवस. गालिचे उचलले, भिंती फोडल्या. एक छोटीशी चित्रफीत मिळाली, बाकी टेप मिळाल्या नाहीत. त्या बाथरूमच्या छतात होत्या, आत बसवलेल्या गोल दिव्याच्या वर. दिवा खाली ओढायचा, हात आत घालायचा, एवढंच. झडती संपल्यावर ६ मे १९९३ ला पॉलच्या वकिलानं, पॉलनंच सांगितल्यावरून, तिथून सहा टेप काढून नेल्या आणि जवळजवळ दीड वर्ष स्वतःजवळ ठेवल्या. त्यानंतर आठच दिवसांत कार्लाशी सरकारी पक्षाचा करार पक्का झाला: सदोष मनुष्यवधाचे दोन गुन्हे कबूल, बारा वर्षं शिक्षा, आणि नवऱ्याविरुद्ध साक्ष. टेप पोलिसांच्या हाती आल्या सप्टेंबर १९९४ मध्ये. त्यांत ती होती. मारून मुटकून उभी केलेली वाटावी अशी नव्हे.

आण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माफीचा भाव त्या दिवशी पोलिसांच्या हातात काय नाही त्यावर ठरतो. त्या दिवशी टेप नव्हत्या. म्हणून बारा वर्षं."

मी म्हटलं, "म्हणून तिचं सगळं माफ?"

"माफ कुठं? माफीचा साक्षीदार हा आधी आरोपी असतो, बाळ. हे लोक विसरतात." मग त्यांनी मला ते समजावलं, जसं पूर्वी नवीन आलेल्या कारकुनांना समजावत असतील. आपल्याकडे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, म्हणजे सीआरपीसीच्या, कलम ३०६ खाली माफी मिळायची ती एका अटीवर, माहीत असलेलं सगळंच्या सगळं, खरंखरं सांगायचं. लपवलं तर माफी जायची आणि खटला उभा राहायचा. आणि जुना पुरावा कायदा एकीकडे म्हणायचा की साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देता येते, दुसरीकडे म्हणायचा की त्याला बाहेरून दुजोरा मिळाल्याशिवाय तो विश्वासाचा माणूस धरू नये. "न्यायाधीश दोन्ही मानायचे. साक्ष घ्यायचे, पण जागोजाग चाचपून बघायचे."

आणि नवरा-बायको असतील तर? तिथे कायदा आणखी एक दार बंद करतो. लग्नाच्या काळात एकानं दुसऱ्याला जे सांगितलं ते कोर्टात उघड करायचं नाही, असा जुना नियम आहे. नव्या कायद्यातही तो राहिला आहे. आण्णांना या बाबतीतला सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा रामभरोसेचा निकाल तोंडपाठ आहे. खून झाला त्या पहाटे आरोपीच्या बायकोनं त्याला छपरावरून उतरताना पाहिलं, भुशाच्या खोलीत जाऊन येताना पाहिलं, आंघोळ करून तेच धोतर परत नेसताना पाहिलं. हे सगळं तिनं सांगितलेलं चाललं, कारण ते तिनं बघितलं होतं. तो तिच्याशी काय बोलला, ते मात्र चाललं नाही.

बघितलेलं सांगता येतं, बोललेलं नाही. गाडी चालवताना मी त्यावर विचार करत राहिले. जोडप्याच्या गुन्ह्यात आपल्याला जे हवं असतं ते नेमकं त्या बोलण्यात असतं. पहिल्यांदा कोण म्हणालं? दुसऱ्यानं "नको" म्हटलं का? म्हटलं तर कितीदा? ते दोघांशिवाय कुणी ऐकलेलं नसतं, आणि दोघांनाही खोटं बोलायला पुरेपूर कारण असतं. कार्लानं साक्ष देण्याआधी घटस्फोट घेतला होता. १९९५ च्या उन्हाळ्यात ती सतरा दिवस साक्षीच्या पिंजऱ्यात होती. तिचं म्हणणं, मुलींना मारलं ते त्यानं. त्याचं म्हणणं, मी बाहेर गेलो होतो तेव्हा ते घडलं. ज्युरीनं तिचं मानलं, १ सप्टेंबरला तो दोषी ठरला, जन्मठेप झाली. खुनाचा क्षण कुठल्याच टेपवर नव्हता.

मला करार पटत नाही असं नाही. न्यायमूर्ती गॅलिगन यांनी १९९६ मध्ये त्याची चौकशी करून सांगितलं की त्या वेळी सरकारी पक्षासमोर दुसरा रस्ता नव्हता. टेप हातात असत्या तर असा करार झालाच नसता. आण्णाही तेच म्हणाले. मला खुपतं ते दुसरं. करार टिकवायचा म्हणून तिची एक गोष्ट उभी करावी लागली, मार खाणाऱ्या, भेदरलेल्या बायकोची. तिनं मार खाल्ला होता हे खरंच आहे, तो फोटो खोटा नाही. पण त्याच्या आधीची ती तळघरातली रात्रही खरी. आणखी एका मुलीवरच्या अत्याचाराबद्दल तिनं कराराच्या वेळी अवाक्षर काढलं नव्हतं, तरी नंतर त्यासाठी तिच्यावर खटला भरला गेला नाही. आपल्याला बायका दोनच साच्यांत कळतात, बिचारी किंवा चेटकीण. ती दोन्ही नव्हती. ती एक सहभागी माणूस होती, आणि त्यासाठी आपल्याकडे धड शब्द नाही.

त्या गोष्टीची किंमत भलत्याच बायकांनी मोजली. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मुलीबरोबर मी पोलिसांकडे गेले होते. फेब्रुवारीतली ढगाळ सकाळ, आणि तिच्या डोळ्यांवर काळा गॉगल. काउंटरवरच्या माणसानं दोनदा विचारलं, मग इतके दिवस तिथेच का राहिलात? तिनं गॉगल काढला, घडी केली, पर्समध्ये ठेवला आणि एका शब्दानं उत्तर दिलं नाही. खरोखर मार खाणाऱ्या बाईला आपण फक्त मार खाल्ला, दुसरं काही केलं नाही, हे आधी सिद्ध करावं लागतं.

आणि उलटही होतं. "नवरा-बायकोनं मिळून" एवढे शब्द कानावर पडले की आपण पुढचं न ऐकता मान डोलावतो. नोएडाच्या तलवार दांपत्याला २०१३ मध्ये मुलीच्या आणि घरकामगाराच्या खुनासाठी जन्मठेप झाली, तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या वाड्यात दोघांनी काय आणि कसं केलं हे प्रत्येकाला ठाऊक होतं, मलासुद्धा. १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. मी त्या दोघांबद्दल फोनवर जे काही बोलले होते ते आठवून मला आजही लाज वाटते.

टेपचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. मुलींच्या आई-वडिलांनी कोर्टाला विनवलं की त्या लोकांसमोर चालवू नका. न्यायमूर्ती लसाज यांनी निर्णय दिला: चित्र ज्युरीनं आणि खटल्यातल्या लोकांनीच बघायचं, प्रेक्षकांना आणि पत्रकारांना फक्त आवाज. म्हणजे त्या मुलींचा आवाज भरल्या कोर्टात ऐकू येत होता. नंतर २००१ मध्ये, कायद्याला त्यांची गरज उरली नाही तेव्हा, त्या टेप नष्ट केल्या गेल्या. या सगळ्या प्रकरणात कुणीतरी त्या मुलींसाठी केलेलं हे एक काम मला मनापासून बरोबर वाटतं. ते घरही पाडलं. तिथे आता दुसरं घर आहे, कुणीतरी राहतं.

कार्ला बाराची बारा वर्षं भोगून ४ जुलै २००५ ला सुटली. पॉल अजून तुरुंगात आहे. २०२३ मध्ये त्याला कमी कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात हलवलं तेव्हा ओंटारिओभर संताप उसळला होता.

आणि कोल्हापूरची केस? अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच कोठडीत मेली. दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली. तेरा मुलांचं अपहरण आणि त्यांतल्या किमान पाचांचा खून. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये फाशी कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारनं जवळपास आठ वर्षं लावली होती. रेणुकाचा नवरा कधीचाच मोकळा झाला होता.

"त्याच्यावाचून त्या पोरांचा पत्ता लागला नसता," आण्णा म्हणाले. "कुठून उचललं, कुठं टाकलं, कोण सांगणार? कित्येक आया आजपण स्टँडवर शोधत फिरल्या असत्या." थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या आईला नाही पटलं ते. शेवटपर्यंत नाही."

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. हे मला माहीत नव्हतं. तिनं त्या रात्री पुढे काही विचारलं नव्हतं, म्हणून मला वाटलं होतं विषय तिथेच संपला.

धबधबा बघून झाल्यावर येताना आम्ही नायगरा-ऑन-द-लेकला थांबलो. मला थांबायचं नव्हतं. आण्णांना चहा हवा होता. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या, आइस्क्रीमच्या रांगा, आणि जून महिना असल्यामुळे लग्नाचे पाहुणे. कोपऱ्यावर एक बग्गी उभी होती, पांढरा घोडा, आत नवरा-नवरी. त्यांचा फोटोवाला बहुधा मागे राहिला होता. नवऱ्या मुलानं खाली वाकून आण्णांपुढे फोन धरला आणि खुणेनं विचारलं, काढाल का?

आण्णांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग हातातला चहा माझ्याकडे दिला, चष्मा पुसला, दोन्ही हातांनी फोन धरला. मुलगी झग्याची झालर सावरत खाली बघत होती. आण्णांनी एक काढला, बघितला आणि मान हलवली. "वर बघ, बाळ," ते मराठीतच म्हणाले. तिनं वर बघितलं. त्यांनी आणखी एक काढला.